एम.ए.च्या दारावरून परतलेल्यांचा हिशेब

२०२४च्या ऑगस्टमध्ये राज्य मंत्रिमंडळाने अल्पसंख्याक संशोधन व प्रशिक्षण संस्थेला, म्हणजे ‘मार्टी’ला मान्यता दिली. बार्टी, सारथी, महाज्योती यांच्या रांगेत आता आपलीही एक संस्था येणार म्हणून समाजात आनंद झाला. तो रास्तच होता. लगोलग मागण्यांची यादीही तयार झाली. पीएच.डी.साठी फेलोशिप, यूपीएससी-एमपीएससीचे क्लास, परदेशी शिक्षणाला मदत, वसतिगृहे. यातल्या एकाही मागणीला माझा विरोध नाही. पण संस्थेच्या नावात ‘संशोधन’ हा शब्द ‘प्रशिक्षण’च्या आधी येतो आणि त्याविषयी आपल्याकडे फारसे कुणी बोलत नाही, याचे मला नवल वाटते. संशोधन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पीएच.डी. करणारा विद्यार्थी आणि दरमहा त्याच्या खात्यात पडणारे पैसे उभे राहतात. संशोधन कशाचे, हा प्रश्न मागेच राहतो.

माझी मागणी साधी आहे. मार्टीने, आणि तिच्याबरोबर आपल्या सुस्थितीतल्या शिक्षणसंस्थांनी, पहिली संशोधन अनुदाने एका विषयाला द्यावीत: पदवीनंतरचे प्रवेश. पदवी झालेला मुस्लीम मुलगा किंवा मुलगी एम.ए., एम.एस्सी., एम.कॉम., पीएच.डी.पर्यंत का पोहोचत नाही, आणि जी निघतात ती नेमकी कुठल्या पायरीवर थांबतात, हे कुणीतरी पगार घेऊन, वेळ देऊन, कागद तपासून शोधले पाहिजे.

आकडे नाहीत असे नाही. सच्चर समितीचा अहवाल नोव्हेंबर २००६मध्ये आला. वीस वर्षांवरील मुसलमानांत पदवीधर किंवा पदविकाधारक चार टक्क्यांपेक्षा कमी, तर एकूण लोकसंख्येत हेच प्रमाण सात टक्क्यांच्या आसपास, असे त्यात नोंदवले आहे. नामांकित महाविद्यालयांविषयीचे त्यातले एक वाक्य मला कायम आठवते. तिथे पदवीच्या पंचवीस विद्यार्थ्यांत एक मुसलमान होता, आणि पदव्युत्तरच्या पन्नासांत एक. पंचवीसचे पन्नास कुठे झाले? मधल्या दोन-तीन वर्षांत निम्मी मुले गेली कुठे? अहवाल येऊन जवळपास दोन दशके झाली, आपण तो आकडा शेकडो व्यासपीठांवरून सांगितला, पण त्या मधल्या जागेत उतरून पाहण्यासाठी पैसा उभा केला नाही.

दुसरा आकडा केंद्र सरकारच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणाचा. २०१९-२०मध्ये देशात सुमारे २१ लाख मुस्लीम विद्यार्थी उच्च शिक्षणात होते. २०२०-२१मध्ये ते सुमारे १९ लाख २१ हजार झाले, म्हणजे एका वर्षात १ लाख ७९ हजारांची घट. इतर समाजघटकांची संख्या वाढत असताना आपली घटली, म्हणून जानेवारी २०२३मध्ये अहवाल आल्यावर बराच गदारोळ झाला. वर्षभराने पुढचा अहवाल आला. त्यात २०२१-२२ची संख्या पुन्हा २१ लाखांच्या वर गेलेली होती. त्या बातमीचा गदारोळ झाला नाही. आता विचार करा. ती घट टाळेबंदीमुळे झाली? वडिलांचा रोजगार गेला म्हणून मुले कामाला लागली? की त्याच वर्षी सर्वेक्षणाची पद्धत बदलून महाविद्यालयांना सगळी माहिती थेट संकेतस्थळावर भरायला लावली, त्यात नोंदी इकडे-तिकडे झाल्या? ज्याने त्याने आपल्या सोयीचे कारण निवडले. कुणी सरकारला दोष दिला, कुणी समाजाला. आकडा घट सांगतो, कारण सांगत नाही. कारण शोधायला माणूस लागतो, आणि माणसाला पैसे लागतात.

त्यातून या सर्वेक्षणाची एक मोठी मर्यादा आहे. प्रवेश झालेल्यांचीच मोजणी त्यात होते. अर्ज केला पण नाव लागले नाही, नाव लागले पण फी भरली नाही, फी भरली आणि महिन्याभरात नाव काढले, या तिन्ही जणांचा पत्ता त्यात लागत नाही. अर्जच न केलेल्यांचा तर प्रश्नच नाही.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. माझी एक जुनी विद्यार्थिनी. घरात सगळे दखनी बोलणारे, पण तिने हट्टाने मराठी घेऊन बी.ए. केले आणि चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली. एम.ए.चा ऑनलाइन फॉर्म तिने माझ्यासमोर भरला. फॉर्मवर मोबाइल नंबर भावाचा दिला होता, कारण घरात चालू रिचार्जचा फोन तेवढाच. भाऊ ट्रकवर क्लीनर. गुणवत्ता यादी लागल्याचा मेसेज आला तेव्हा तो कर्नाटकात कुठेतरी होता. सीट पक्की करायला दोन दिवसांची मुदत होती, ती उलटून गेली. पुढच्या फेरीत आपोआप नाव येईल असे तिला वाटत राहिले. ते तसे येत नाही, पुन्हा पर्याय भरावा लागतो, हे तिला कुणी सांगितले नव्हते. “आपा, पुढच्या वर्षी करते,” असे म्हणाली. पुढच्या वर्षी तिचा निकाह झाला. आता लोक म्हणतात, बघा, लग्न लावून दिले म्हणून शिक्षण थांबले. शिक्षण थांबले होते एका मेसेजमुळे. लग्न नंतर आले. सरकारी हिशेबात तिला गळती म्हणता येणार नाही, कारण ती कधी दाखलच झाली नव्हती. तिला नाकारलेही नव्हते, यादीत नाव होते.

एका मुलीवरून मी सिद्धांत मांडत नाही. उलट माझे दुखणेच ते आहे. आपण सगळे असेच एकेका ओळखीच्या मुलावरून सिद्धांत मांडत आलो आहोत. कुणी म्हणतो गरिबी, कुणी म्हणतो बुरखा, कुणी म्हणतो भेदभाव, कुणी म्हणतो मुलांना गॅरेज आणि दुबईच हवी. प्रत्येकाकडे एखादा भाचा किंवा शेजारी पुरावा म्हणून असतोच. यातले प्रत्येक कारण थोडेथोडे खरे असेल. पण कुठल्या कारणाने किती मुले थांबतात हे ठाऊक नसेल, तर पैसा कुठल्या भोकात भरायचा हे कसे ठरवणार? फी हे कारण असेल तर शिष्यवृत्ती हवी. मेसेज हे कारण असेल तर प्रत्येक महाविद्यालयात प्रवेशाच्या महिन्यापुरता एक मदतनीस पुरे, त्याचा खर्च एका फेलोशिपपेक्षाही कमी.

कागदपत्रांचा मुद्दा घ्या, कारण तो फार लोकांना माहीत नाही. महाराष्ट्रात जुलाहा, बागवान, तांबोळी, पिंजारी, अत्तार अशा अनेक मुस्लीम बिरादऱ्या ओबीसीत येतात. पण सवलत घ्यायची तर जात पडताळणी हवी, आणि त्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७च्या आधीचा पुरावा लागतो. आजोबांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात मास्तरांनी काय लिहून ठेवले आहे? ‘मुसलमान’. झाले. पुढच्या तीन पिढ्या खुल्या वर्गात. बारावीनंतरच्या व्यावसायिक प्रवेशावेळी हे पहिल्यांदा कळते, पदवीनंतर पुन्हा कळते. किती मुलांनी पदव्युत्तर प्रवेशाला राखीव जागेवरून अर्ज केला, किती जणांचे प्रमाणपत्र वेळेत आले नाही, किती जणांनी मुदतीनंतर खुल्या वर्गाची फी भरायची नाही म्हणून प्रवेशच सोडला, हे पडताळणी समित्यांच्या आणि महाविद्यालयांच्या दप्तरांत पडलेले आहे. दोन वर्षे आणि थोडे पैसे मिळाले, तर समाजशास्त्राचा एखादा प्राध्यापक एका जिल्ह्यापुरते हे बाहेर काढू शकतो.

यावर एक आक्षेप मला पक्का माहीत आहे, कारण घरातच तो ऐकते. पुरे झाले अहवाल. सच्चर झाला, रंगनाथ मिश्रा झाला, राज्यात महमूदुर्रहमान समिती झाली. अहवालांचे ढीग पडले, मिळाले काय? आता अभ्यास नको, हातात काहीतरी द्या.

या रागात तथ्य आहे. तरी ‘मिळाले काय’चे उत्तर ‘काहीच नाही’ असे देता येत नाही. सच्चर समितीच्या आधी या देशात सर्रास बोलले जाई की मुसलमान मुले मदरशात जातात म्हणून मागे राहतात. समितीने शोधले तेव्हा शाळेच्या वयाच्या मुलांपैकी सुमारे तीनच टक्के मदरशात जातात असे निघाले. त्या एका आकड्याने वादाची जमीनच बदलली. २०१४मध्ये राज्याने अध्यादेश काढून मुस्लिमांतल्या मागास घटकांना पाच टक्के आरक्षण दिले, ते उच्च न्यायालयात गेले. नोव्हेंबरच्या अंतरिम आदेशात न्यायालयाने मराठा आरक्षण थांबवले, मुस्लिमांचे नोकरीतले आरक्षणही थांबवले, पण शिक्षणातले चालू ठेवले. शैक्षणिक मागासलेपणाची जी माहिती या अहवालांनी गोळा केली होती, तीच तिथे कामी आली. पुढे अध्यादेशाचा कायदा झाला नाही आणि तो बाद झाला, ते राजकारण. पण न्यायालयात टिकले ते आकड्यावर टिकले, घोषणेवर नाही. मराठा समाजाने हा धडा आपल्यापेक्षा लवकर घेतला. गायकवाड आयोगाच्या वेळी पाहण्या झाल्या आणि २०२४च्या सुरुवातीला तर राज्य मागासवर्ग आयोगाने दीड कोटीहून अधिक कुटुंबांपर्यंत प्रगणक पाठवले.

उलट बाजूचे उदाहरण मौलाना आझाद फेलोशिपचे. २००९मध्ये सुरू झालेली, सहा अल्पसंख्याक समाजांतल्या एम.फिल., पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांसाठीची ही योजना. डिसेंबर २०२२मध्ये लोकसभेत सांगण्यात आले की ती २०२२-२३पासून बंद. कारण दिले की ती इतर योजनांशी एकमेकांत मिसळते. २०१४-१५ ते २०२१-२२ या काळात ६,७२२ उमेदवार निवडले गेले होते, हेही तिथेच सांगितले गेले. विद्यार्थी रस्त्यावर उतरले, निवेदने दिली. पण आपल्या हातात त्या ६,७२२ जणांचा अभ्यास असता तर? यांतले किती जण दुसऱ्या फेलोशिपला पात्र होते, किती जण नव्हते, किती जणांच्या घराण्यात पीएच.डी.ला जाणारे ते पहिलेच, किती जणांनी फेलोशिप नसती तर प्रवेशच घेतला नसता. ‘मिसळते’ या एका शब्दाला उत्तर द्यायला एक तक्ता पुरला असता. तेरा वर्षांत तो कुणी केला नाही. फेलोशिप घेणाऱ्यांत समाजशास्त्राचे आणि अर्थशास्त्राचे किती विद्यार्थी असतील, त्यांनाही आपल्याच निवडीचा अभ्यास करावासा वाटला नाही. किंवा वाटला असेल, मार्गदर्शकाने विषय बदलायला लावला असेल. तेही होते.

प्रवेशाचा अभ्यास केला की काय हाती लागते याचा नमुना दिल्लीत आहे. जवाहरलाल नेहरू विद्यापीठात एम.फिल., पीएच.डी.ची निवड लेखी परीक्षेच्या ७० आणि तोंडी परीक्षेच्या ३० गुणांवर होत असे. तोंडीत आपल्याला खाली ओढतात, ही दलित, आदिवासी, ओबीसी विद्यार्थ्यांची जुनी तक्रार. २०१६मध्ये प्रा. अब्दुल नाफे यांच्या समितीने २०१२ ते २०१५च्या प्रवेशांचे गुण समोर ठेवले. लेखी आणि तोंडी गुणांतली तफावत सामाजिक गटांनुसार सातत्याने दिसते, म्हणून तोंडीचे गुण १५वर आणावेत, अशी शिफारस समितीने केली. चार वर्षांचे गुण एका ओळीत मांडले आणि ‘आम्हाला वाटते’चे ‘असे घडते’ झाले. आज देशभर पीएच.डी. प्रवेशाला नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन देण्याचा यूजीसीचा नियम २०२४पासून आला आहे. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत त्या तीस टक्क्यांचे काय होते? आडनाव शेख, पठाण, तडवी असले की काही फरक पडतो का? पडत नसेल तर तेही कळू द्या, आपल्या मुलांच्या मनातली एक भीती कमी होईल.

अमेरिकेत तर हा अभ्यासाचा स्वतंत्र प्रांत आहे. पदव्युत्तर शिक्षण देणाऱ्या विद्यापीठांची परिषद आणि जीआरई परीक्षेचे मंडळ मिळून दरवर्षी अर्ज किती आले, प्रवेश किती झाले याची पाहणी छापतात. ज्युली पोसेल्ट या संशोधिकेने तीन विद्यापीठांतल्या दहा पीएच.डी. विभागांत निवड कशी चालते याचा अभ्यास केला. काही बैठकांना ती स्वतः बसली आणि २०१६मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. आपल्यासारखाच दिसणारा-बोलणारा उमेदवार प्राध्यापकांना किती सहज ‘गुणवान’ वाटतो, हे त्यात येते. आपल्याकडे निवड समितीच्या खोलीत संशोधक बसू देतील का? मला शंका आहे. पण दार ठोठावायला काय जाते.

आणि ही कल्पना आपल्याला परकीही नाही. १८७०च्या डिसेंबरमध्ये सर सय्यद अहमद यांनी बनारसमध्ये एक समिती काढली. मुसलमान मुले सरकारी शाळा-कॉलेजांत का जात नाहीत, हा तिचा प्रश्न. समितीने या विषयावर निबंध मागवले आणि उत्तम निबंधांना रोख बक्षिसे ठेवली. म्हणजे आजच्या भाषेत प्रवेशाच्या अभ्यासासाठी संशोधन अनुदानच. आलेल्या लेखनातून अहवाल झाला, लोकांनी कारणे भांडून-तासून घेतली, आणि १८७५मध्ये अलीगढला शाळा सुरू झाली. आपण सर सय्यद यांचे नाव कॉलेजांना देतो, जयंतीला मुशायरे करतो. कॉलेज काढण्याच्या आधी त्यांनी चौकशी केली होती, हे मात्र भाषणांत येत नाही.

अनुदान कसे असावे याविषयीही माझे मत आहे. एखाद्या मोठ्या संस्थेला एकदम कोटी रुपये देऊन जाडजूड इंग्रजी अहवाल घेऊ नये. तो मंत्रालयात जातो आणि तिथेच राहतो. लहान अनुदाने द्यावीत, वर्ष-दीड वर्षाची, एका जिल्ह्यापुरती किंवा एका विद्यापीठापुरती. ती महाविद्यालयातल्या प्राध्यापकांना मिळावीत, आणि माझ्यासारख्या बी.एड. झालेल्या शाळाशिक्षकांनाही, कारण दहावीनंतर कोण कुठे गेले हे आम्हाला ठाऊक असते. पाच-सात वर्षांपूर्वीची तुकडी गाठायची तर विद्यापीठाच्या संशोधकाला पत्ते शोधत फिरावे लागेल. मोहल्ल्यातल्या शिक्षिकेला दोन संध्याकाळ पुरतात. संशोधनाची रीत शिकवायला पंधरा दिवसांचे शिबिर घ्यावे, तेवढे आम्ही शिकू. निष्कर्ष मराठीत आणि उर्दूत छापावेत, म्हणजे ज्यांच्याविषयी ते आहेत त्यांना वाचता येतील.

एक अडचण गंभीर आहे. २०१९-२०मध्ये एनआरसीच्या चर्चेने लोकांच्या मनात माहिती विचारणाऱ्याविषयी जी धास्ती बसली, ती गेलेली नाही. घरी जाऊन मुलीचे शिक्षण विचारले तरी दारातच ‘कशाला पाहिजे’ येते. म्हणून नावे, पत्ते, आधार क्रमांक अहवालात किंवा सरकारी फायलीत जाणार नाहीत, अशी लेखी हमी अनुदानाच्या अटींतच असली पाहिजे. ती नसेल तर मी स्वतःही कुणाच्या दारात जाणार नाही.

सरकारकडे बोट दाखवताना आपल्या संस्थाही सुटू नयेत. राज्यात अल्पसंख्याक दर्जाची आपली कितीतरी महाविद्यालये आहेत, त्यांतली काही खूप जुनी आणि खूप मोठी. त्यांच्याकडे अनेक दशकांची प्रवेश रजिस्टरे आहेत. अल्पसंख्याक कोट्यातल्या पदव्युत्तर जागा दरवर्षी किती भरतात, किती रिकाम्या राहतात आणि मग इतरांना देऊन टाकल्या जातात? आपल्याच संस्थेत आपलीच मुले का येत नाहीत? डोनेशन, अंतर, शिक्षकांची कमतरता की आणखी काही? हे प्रश्न अवघड आहेत, विश्वस्तांना आवडणार नाहीत. पण रजिस्टर उघडायला मंत्रालयाची परवानगी लागत नाही. रमजानमध्ये शिष्यवृत्तीसाठी लाखो रुपये उभे राहतात. जकातीचा पैसा अशा अभ्यासाला चालेल का, यावर उलेमांची मते वेगळी असू शकतात, त्यांनी ठरवावे. लिल्लाहच्या पैशाला तर ही अडचण नाही. शंभर शिष्यवृत्त्यांबरोबर एक अभ्यास, एवढेच प्रमाण ठेवले तरी चालेल.

पदव्युत्तर प्रवेशाची धावपळ पदवीचे निकाल लागले की, जून-जुलैमध्ये सुरू होते. मार्टीने किंवा एखाद्या संस्थेने मार्चपर्यंत अर्ज मागवले आणि मेमध्ये दहा-बारा जणांना पत्रे दिली, तर ते लोक एक अख्खा प्रवेश हंगाम डोळ्यांसमोर पाहू शकतील. सायबर कॅफेत कोण येते, फॉर्म कोण भरते, पहिल्या फेरीनंतर कोण दिसेनासे होते. मेनंतर पत्रे दिली तर मुले घरी परतलेली असतील आणि आपण पुन्हा त्यांना आठवून सांगायला लावू.